शालन जगदाळे यांच्या नावावरची पुस्तकं

‘तन-मन-धनाने सेवा करीन’ हे वाक्य मी आजवर किती उमेदवारांच्या मनोगतातून कापलं असेल, त्याला गणती नाही. कोपरीत आमचं नवचेतन वाचनालय आहे. दर तीन वर्षांनी त्याच्या कार्यकारिणीची निवडणूक होते आणि गेल्या चार खेपा निवडणूक अधिकारी मीच आहे. पगार शून्य, चहा एक, शिव्या भरपूर. टेंभी नाक्याजवळच्या एका छापखान्यात मी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, लग्न केलं नाही, जीभ तिखट. कुणाचं मन राखायचं नाही अशा कामाला नीला दळवीच बरी, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं असावं.

काम तसं सोपं. उमेदवाराने अर्जासोबत दीडशे शब्दांत स्वतःचं मनोगत द्यायचं. मी ते तपासायचं, कापायचं, कच्ची प्रत फलकावर लावायची, हरकती आल्या तर छाननीत निकाल द्यायचा आणि मग पुस्तिका छापायला पाठवायची. दीडशे शब्द म्हटले की लोकांना घाम फुटतो. मागच्या खेपेला एकाने नव्वद शब्द मुलाच्या अमेरिकेतल्या नोकरीवर खर्च केले होते. एकीने पाककृतींना मिळालेली बक्षिसं सालवार लिहिली होती. मी सगळ्यांना सारखंच सोलते, कारण मतदार शेवटी पुस्तिका वाचून मत देतो, आणि वाचत नसेल तर निदान वाचण्यासारखी तरी असावी.

या वर्षी सात जागांसाठी नऊ अर्ज आले. आठांची मनोगतं नेहमीचीच. नववं धोंडिबा जगदाळे यांचं होतं. फुलस्केपचे चार कागद, टपोऱ्या अक्षरात.

जगदाळ्यांना मी ओळखत होते म्हणजे नुसतं बघून. बहात्तर वर्षांचा, उंच, सातारकडचा माणूस. अंबरनाथच्या कारखान्यात टर्नर होते, आता निवृत्त. राहायला विठ्ठलवाडीला, पण दर शनिवारी सकाळी कापडी पिशवीतून दोन पुस्तकं आणायची, दोन न्यायची आणि कुणाशी न बोलता जिना उतरायचा, हा त्यांचा नेम. तोंडातून शब्द काढताना जपून काढणारा हा गृहस्थ निवडणुकीला कसा उभा राहिला, याचंच मला नवल वाटलं.

चार कागदांत त्यांनी स्वतःबद्दल जवळजवळ काहीच लिहिलं नव्हतं. सगळं बायकोबद्दल. ‘माझी पत्नी सौ. शालन हिला वाचनाची फार आवड. आम्ही कोपरीत भाड्याने राहायला होतो तेव्हा ती या वाचनालयात आली. पुढे विठ्ठलवाडीला जागा घेतली तरी तिने वाचनालय सोडले नाही. आमच्या घरात अडतीस वर्षे इथली पुस्तके येतात.’ मग ती भाकऱ्या थापताना पुस्तक कशाला टेकवून ठेवायची, पानांना पीठ लागू नये म्हणून काय करायची, असं सगळं. शालनबाई चार वर्षांपूर्वी वारल्या होत्या, हे तिसऱ्या कागदावर कळलं. पहिल्या कागदावर मात्र त्या सौभाग्यवतीच होत्या.

मी त्यांना बोलावून घेतलं.

“जगदाळे, हे मनोगत नाही. हा मृत्युलेख आहे.”

ते रागावले नाहीत. “मला लिहायला जमत नाय, मॅडम. तुम्ही कापा.”

“उभे कशाला राहताय तुम्ही? ते एका वाक्यात सांगा. मी बाकीचं बघते.”

त्यांनी पिशवीतून एक वही काढली. दोनशे पानी, पुठ्ठ्याला ब्राऊन पेपर घातलेली. आत बारीक, गोल अक्षरात पुस्तकांची नावं, आणलेली तारीख आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. ‘पान ३१, झोपले.’ ‘पान १२, झोपले. सेकंड शिफ्ट होती.’ ‘पान ५८, झोपले. आज बरेच जागले.’

“जेवण झालं की ती मला वाचून दाखवायची,” जगदाळे म्हणाले. “मी कारखान्यातनं दमून आलेलो असायचो. ती वाचत असायची अन् मी घोरत असायचो. तेहतीस वर्षं, मॅडम. मला माहीतच नव्हतं की ती लिहून ठेवते. ती गेल्यावर कपाटात सापडल्या. अशा तीन वह्या हायेत.”

“मग?”

“मग मी पहिल्या वहीतल्या पहिल्या पुस्तकापासनं सुरुवात केली. जिथं झोपलो ते पान काढायचं अन् तिथनं पुढं वाचायचं.”

“आणि आधीची पानं?”

“ती मी ऐकलीयत.”

“आठवतात?”

“आठवत नाय. पण तिनं वाचलीयत ना मला.”

मी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं. वह्यांमध्ये मिळून आठशेच्या आसपास पुस्तकं होती. दर शनिवारी दोन या हिशेबाने चार वर्षांत ते २००३ सालापर्यंत आले होते. आणि आता आमचे चिटणीस राकेश म्हात्रे यांनी ठराव आणला होता की, आतल्या खोलीतली दहा वर्षांत एकदाही कुणी न नेलेली पुस्तकं दिवाळीपर्यंत रद्दीत काढायची आणि तिथे स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची. जगदाळ्यांनी काऊंटरवर बसून ती यादी वहीशी ताडून पाहिली होती. शालनबाईंची एकशे एकतीस पुस्तकं त्यात होती. त्यांनी नेल्यानंतर दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता.

“यादीतली आधी नेऊन वाचा की,” मी म्हटलं.

“दिवाळीपर्यंत दोन-दोन करून किती होणार? अन् मधली सोडून पुढची कशी वाचू? ह्याच्यानंतर तिला तेच का आणावंसं वाटलं, ते कळायचं कसं मग?” ते थोडे ओशाळले. “कमिटीत असलो तर ठराव जरा पुढं ढकलता येईल. तीन वर्षं मिळाली तरी बहुतेक होतंय माझं. मग काढा काय काढायचं ते.”

त्या दुपारी मी लाल पेन घेऊन बसले. सहाशे बारा शब्दांचे एकशे अठ्ठेचाळीस केले. भाकऱ्या गेल्या, पीठ गेलं, सेकंड शिफ्ट गेली. ‘सौ.’ चं ‘कै.’ केलं आणि नंतर ते वाक्यही जागेअभावी उडवलं. त्यांच्या ‘आमच्या घरात अडतीस वर्षे इथली पुस्तके येतात’ ऐवजी मी लिहिलं, ‘मी गेली अडतीस वर्षे या वाचनालयाचा सभासद व वाचक आहे.’ जुन्या ग्रंथांचं जतन, ज्येष्ठ वाचकांच्या गरजा, असे दोन भारदस्त मुद्दे घातले. मला स्वतःला ते मनोगत फार आवडलं. नऊंमध्ये उजवं होतं.

शनिवारी त्यांना वाचायला दिलं. त्यांनी सावकाश, ओळीखाली बोट ठेवून वाचलं.

“चांगलं झालंय. पण ह्याच्यात ती कुठंच नाय.”

“उमेदवार तुम्ही आहात, जगदाळे. त्या नाहीत.”

“ते पण हायच,” म्हणून त्यांनी सही केली.

कच्ची प्रत फलकावर लागली. तिसऱ्या दिवशी काऊंटरवर बसणारी समीक्षा माझ्याकडे आली. मुलगी हुशार आहे, पण वाईट बातमी सांगताना तिला हसू येतं. ती हसत होती.

“मॅडम, एक लोचा झालाय. राकेशदादांनी हरकत घेतलीय. जगदाळेकाका आपले मेंबरच नाहीयेत.”

“काहीतरीच काय! दर शनिवारी येतात ते.”

तिने सभासद रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. सभासद क्रमांक ११८७. श्रीमती शालन धोंडिबा जगदाळे. प्रवेश १९८७. पुढे दर वर्षीची वर्गणी भरल्याची नोंद, यंदाचीही. धोंडिबा जगदाळे या नावाचा सभासद रजिस्टरमध्ये कुठेही नव्हता.

आता यात नवीन काही नाही. आपल्याकडे एका कार्डावर अख्खं घर वाचतं. आई मासिकं नेते, मुलगा रहस्यकथा नेतो, जावई माहेरपणाला आलेल्या बायकोबरोबर येऊन दिवाळी अंक नेतो, आणि कार्ड असतं भलत्याच्याच नावावर. काऊंटरवर नंबर विचारतात, नाव कोण विचारतंय! शालनबाई गेल्या आणि जगदाळे ११८७ म्हणत राहिले. कुणाला काही वाटलं नाही. अर्जातही त्यांनी क्रमांक ११८७ असाच लिहिला होता. मी तो ताडून पाहायला हवा होता. पाहिला नाही. मी मनोगताच्या नादात होते.

आणि नियम चौदा काय सांगतो? उमेदवार स्वतः सलग तीन वर्षं सभासद असला पाहिजे. तो नियम मीच लिहिला होता. बारा वर्षांपूर्वी एका नगरसेवकाच्या माणसाने एका रात्रीत साठ सभासद करून आणले होते, तेव्हा घटनेत घालायला लावला होता. एक एक शब्द तोलून लिहिला होता. त्यात फट कुठेच नव्हती, माझं काम असतं तसं.

छाननीला राकेश, समीक्षा, मी आणि जगदाळे असे चौघंच होतो. राकेश माणूस वाईट नाही. कोपरीत त्याची शिकवणी आहे आणि दहा बाय बाराच्या खोल्यांतून अभ्यास करणारी पोरं तो रोज बघतो. त्याला टेबलं हवी होती, आणि ती मागणी रास्त होती.

“काकू, मला पर्सनल काही नाय,” तो म्हणाला. “पण काका लिहितात, अडतीस वर्षं सभासद. हे सरळ खोटं आहे ना? बायको वारल्यावर चार वर्षं तिचं कार्ड वापरलंय. उद्या कोणीपण उभं राहील असं.”

जगदाळ्यांची मान खाली गेली. खोटं हा शब्द त्यांना लागला होता. आणि तो त्यांचा नव्हताच.

“ते वाक्य माझं आहे,” मी म्हटलं. “त्यांनी लिहिलं होतं, आमच्या घरात अडतीस वर्षं पुस्तकं येतात. ते शंभर टक्के खरं होतं. मी शब्द वाचवायला ते बदललं आणि त्यांच्याकडून सही घेतली. खोटं लिहिलं ते मी. तसं इतिवृत्तात लिहा, समीक्षा.”

समीक्षा लिहू लागली. या वेळी ती हसली नाही.

“कार्ड तुमच्या नावावर का नाही करून घेतलंत?” राकेशने जरा मवाळ आवाजात विचारलं.

“करणार होतो,” जगदाळे म्हणाले. “फॉर्मपण आणलेला. पण तिच्या नंबरावर पुस्तक आणलं की तिनंच आणल्यासारखं वाटतं. माझ्या नावावर आणलं तर नुसतं पुस्तक.”

बाहेर काऊंटरवर कुणीतरी वर्तमानपत्र मागत होतं.

मला त्या क्षणी नियम चौदाचा कागद फाडून टाकावासा वाटला. खरं सांगते, त्याहून जास्त मला त्या बाईचा हेवा वाटला. मी आयुष्यभर हजारो पानं वाचली, लोकांच्या चुका काढल्या, पण माझ्या मागे कोण कुठल्या पानापासून काय वाचणार आहे? पण नियम माझा होता आणि साठ सभासदांच्या वेळी मी तो हट्टाने लावला होता. आता नको म्हटलं तर तेव्हा तरी तो कशासाठी होता?

अर्ज बाद केला. सही केली. नियमाप्रमाणे मृत सभासदाचं कार्डही रद्द करावं लागलं. समीक्षाने पट्टी घेतली आणि ११८७ वर लाल रेघ मारली. जगदाळे उठून जवळ आले आणि रेघ पूर्ण होईपर्यंत बघत उभे राहिले.

“मॅडम, दोन पुस्तकं घरी हायेत तिच्या नावावर,” ते म्हणाले. “शनिवारी आणून देतो.”

शनिवारी आणून दिली आणि रिकामी पिशवी घडी घालून परत गेले.

सोमवारी मी राकेशला गाठलं. रद्दीतली पुस्तकं आधी सभासदांना फुकट नेऊ द्यावीत, एवढंच मागितलं. तो लगेच हो म्हणाला. त्यालाही ते प्रकरण टोचत होतं. जगदाळ्यांकडून वह्या मागून आणल्या आणि समीक्षा व मी दोन दिवस आतल्या खोलीत धूळ खात बसलो. एकशे एकतीसपैकी एकशे सतरा सापडली. बाकीची वाळवीने नाहीतर सभासदांनी खाल्ली असावीत. राकेशनेच टेम्पो दिला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळी पुस्तकं विठ्ठलवाडीला जगदाळ्यांच्या घरी नेऊन पोचवली.

त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, हात जोडले. खोलीत भिंतीला लागून पुस्तकांचे गठ्ठे लावले. मी घरी आले ती अगदी स्वतःवर खूश होऊन. बिघडवलेलं निस्तरलं, अशा थाटात.

दिवाळीनंतर त्यांना फोन केला. “कुठवर आलात?”

“नाय वाचलं काही.”

“एकही नाही?”

“बसतो, काढतो, ठेवतो.” “मॅडम, तुम्ही एवढं केलंत, तर सांगायला लाज वाटते. पण ती दोन आणायची. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी जायची, दोन घेऊन यायची, अन् आता काय आणलंय ते मी पिशवीत डोकावून बघायचो. वाचताना झोपायचो, पण वाट मात्र बघायचो. आता सगळीच घरात येऊन पडलीयत. वाट कशाची बघू?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग तेच म्हणाले, “तुमच्याकडं जागा हाय का? तुम्ही ठेवा ती. मी शनिवारी येत जाईन. दोन द्या, दोन घ्या.”

टेम्पो परत आला. माझ्या कोपरीतल्या घरात एक काचेचं कपाट होतं, त्यात आईची भांडी होती. भांडी माळ्यावर गेली. समीक्षाने हौसेने वहीच्या क्रमाने पुस्तकं लावून दिली. मधली जी पुस्तकं वाचनालयातच राहिली आहेत ती मी माझ्या कार्डावर आणून क्रमात घालते. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी त्या माणसाचा अर्ज बाद केला, तोच गुन्हा आता मी दर आठवड्याला करते. राकेशला ठाऊक आहे. तो काही बोलत नाही.

जगदाळे शनिवारी अकराला येतात. दोन पुस्तकं ठेवतात, दोन घेतात. चहा घेतात. शालनबाई कितव्या पानाला थांबल्या होत्या आणि तिथून पुढे काय झालं, हे सांगतात. आता ते घडाघडा बोलतात. मी मध्ये बोलत नाही, चूक काढत नाही. एकदा त्यांनी वहीतलं एक पान दाखवलं. त्यावर आकडा नव्हता, ‘शेवटपर्यंत जागे’ एवढंच होतं. हे पुस्तक वाचायचं कुठून, असा त्यांना प्रश्न पडला होता. मी म्हटलं, ते नका वाचू. ते तुमचं दोघांचं वाचून झालंय. त्यांनी मान डोलावली आणि ते तसंच कपाटात परत ठेवलं.

मला साठी उलटून सात वर्षं झाली. या वयात हे लिहायला धीर लागतो, पण लिहिते. गुरुवारपासून मी शनिवारची वाट बघायला लागते. शुक्रवारी बिस्किटं आणते. ते येतात ते बायकोसाठी येतात, पिशवीत नेतात ती तिची पुस्तकं, बोलतात ते तिच्याबद्दल, आणि ते मला पुरेपूर समजतं. तरी अकरा वाजून पाच मिनिटं झाली की मी खिडकीशी जाते.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी सहज कपाटापुढे उभी राहिले आणि राहिलेली पुस्तकं मोजली. दर आठवड्याला दोन म्हणजे किती शनिवार उरतात, तेही मोजलं.

दुसऱ्या दिवशी जगदाळे आले तेव्हा मी म्हटलं, “आजपासून नियम बदललाय. एका वेळी एकच पुस्तक.”

त्यांनी कारण विचारलं नाही. नियम म्हटला की तो माणूस ऐकतो. एक पुस्तक पिशवीत घातलं, दुसरं माझ्या हातात परत दिलं आणि सांभाळून जिना उतरले.

कपाटात अजून एक्क्याण्णव आहेत. म्हणजे निदान एक्क्याण्णव शनिवार.